आमच्या पटांगणाची हकीकत

मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले की, यंदा मंडळाला ४० वर्षे पुरी होत आहेत, तेव्हा स्मरणिकेसाठी तुम्ही आपल्या वस्तीचा इतिहास लिहा. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. इतिहास म्हणजे सनावळ्या, आणि त्या शाळेत असतानाच माझ्या डोक्यात राहत नसत." त्यावर त्या म्हणाल्या, "सनावळ्या वाचनालयात मिळतील. बाकीचे तुम्ही सासूबाईंच्या तोंडून वीस वर्षे ऐकले आहे." हे मात्र खरे. सासूबाई २०१९ साली गेल्या आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ काही गेले. राहिले आहे तेवढे लिहून ठेवावे म्हणून हा खटाटोप. चुकले-माकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

मंडळाचे नाव काढले की माझ्या डोळ्यांपुढे आधी दोन चाळींमधले पटांगण येते. ते नसते तर मंडळ जमलेच नसते. १६० चौरस फुटांच्या खोलीत सात-आठ माणसे राहत असताना पंचवीस बायका बसणार कोठे? म्हणून मी पटांगणाचीच हकीकत सांगणार आहे.

आधी चाळींविषयी थोडे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरण्यांचे काम वाढले, माणसे गावाकडून लोटली आणि एकेका खोलीत दोन-दोन तीन-तीन बिऱ्हाडे कोंबून राहू लागली. तेव्हा जॉर्ज लॉइड नावाचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दीत १९२० साली सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' असे एक खाते काढले. त्याचीच आद्याक्षरे बी.डी.डी. माझी मुलगी आठवीत जाईपर्यंत समजत होती की, बी.डी.डी. हे कोणा शेटजींचे नाव आहे. बेत होता ५०,००० खोल्या बांधण्याचा. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया पट्टी बसवली. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला धरून चार मजल्यांची, दर चाळीत ८० खोल्या. म्हणजे सारे मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास. ५०,००० कोठे आणि हे कोठे!

बरे, बांधल्या त्याही भरेनात. भाडे परवडेना, आणि आमची वरळी तर त्या काळी गावाबाहेरच. कित्येक चाळी वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या होत्या. पुढे १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या काही चाळींचाच तुरुंग केला. हे मी वाचनालयात वाचले आणि घरी येऊन मुलांना सांगितले. मुलगा हसून म्हणाला, "आई, म्हणजे फारसे काही बदलावे लागले नसेल." मला त्याचा राग आला, पण नंतर वाटले, पोरगा खोटे काय बोलला? मधून लांबलचक अंधारी वाट, दोन्ही अंगांना दहा-दहा दारे, आणि नळ व संडास सगळ्यांना मिळून. बांधणाऱ्याने माणसे मोजली होती. त्यांना बसायला, भांडायला, लग्न करायला आणि मरायला किती जागा लागते, हे काही मोजले नव्हते.

ती जागा लोकांनीच काढली. हळूहळू चाळी भरल्या. कोकणातले आले, सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे घाटावरचे आले. एका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. मागाहून बायकामुले आली. मधली वाट हाच आमचा ओटा झाला. रात्री पुरुष तेथे पथाऱ्या टाकीत, दुपारी आम्ही तेथे तांदूळ निवडत असू. आणि दोन चाळींमध्ये हवेसाठी म्हणून जी मोकळी पट्टी सोडलेली होती, ती पटांगण झाली.

झाली म्हणजे आपोआप झाली नाही. माझ्या सासूबाई १९५७ साली लग्न होऊन या चाळीत आल्या, तेव्हा तेथे खिडक्यांतून टाकलेला केर, राख, फुटकी मडकी यांचा ढीग असे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. खालच्या मजल्यावरची एक कोकणातली म्हातारी होती. ती रोज पहाटे उठून आपल्या खिडकीपुरते झाडी. कोणी विचारले तर म्हणे, "गो, गावाक अंगण झाडतंस मा? मग हय कित्याक नको?" तिचे पाहून दुसरीने झाडले, मग तिसरीने. वरच्या मजल्यावरून केर टाकणारीला खालून नावानिशी हाक मारीत. सासूबाई सांगत की, बारा महिन्यांत केर टाकणे बंद झाले, आणि ते शिपायाने नव्हे, लाजेने झाले. मग पुरुषांनी गिरणीतून सुटल्यावर विटांचे तुकडे आणि राबिट आणून चिखलात भर घातली. कोणी कडेला तुळशीवृंदावन बांधले, तरुणांनी एका कोपऱ्यात तालमीची लाल माती टाकली, पत्र्याच्या आडोशाला वर्तमानपत्र वाचायची जागा झाली.

यात आमच्याच वस्तीचे काही नवल होते असे नाही. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तोही चाळीच्याच अंगणाच्या आधाराने. लालबाग-परळला पाहावे तेथे हेच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांचे पोवाडे गिरणगावातल्या अशाच पटांगणांत आणि मैदानांत झाले. १९७२ साली महागाई भडकली आणि मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांना हाक दिली, तेव्हा आमच्या पटांगणातही लाटण्यांनी थाळ्या वाजल्या. सासूबाईंच्या एका थाळीला त्या दिवशी पडलेला पोचा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या थाळीत त्या कोणाला जेवू देत नसत.

उन्हाळ्यातले पटांगण ज्यांनी पाहिले त्यांना सांगावयास नको. ज्या पाहावयाच्या राहिल्या त्यांच्यासाठी लिहिते. चैत्र लागला की बाजा, जुनी लुगडी आणि चटया बाहेर येत. घाटावरच्या बायका कुरडया आणि सांडगे घालीत, कोकणातल्या तांदळाच्या फेण्या. सकाळी सहा वाजता जागा धरावी लागे. भांडणे होत, आणि चांगली कडाक्याची होत. कोणाचे पोर कोणाच्या कुरडईवर पाय देई. पण दुपारी राखणीला एकच जण बसे, आणि ती साऱ्यांचे वाळवण राखी, स्वतःचे तेवढे नव्हे. कावळे हाकलायला काठीला काळे फडके बांधलेले. मी नवी सून म्हणून आले, तेव्हा ही राखण पहिली दोन वर्षे माझ्याकडे होती. चाळीतली सगळी माणसे मी त्या काठीशेजारी बसून ओळखली.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नका असे दोघी-तिघींनी मला सांगितले. स्मरणिकेत चांगले तेवढेच यावे, असे त्यांचे म्हणणे. पण इतिहास म्हटल्यावर मला ते गाळता येत नाही.

आमच्या चाळींत वस्ती बहुधा जातवार होती. ही चाळ यांची, ती त्यांची, असे लोक उघड बोलत. आमच्या पटांगणाच्या एका अंगाला मराठ्यांची चाळ आणि समोर बौद्धांची. वाळवण एका पटांगणात पडे, पण मधून एक न आखलेली रेघ होती. तिकडच्या बायका तिकडे आणि इकडच्या इकडे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीला आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा झाली, त्या सभेवर दगडफेक झाली आणि दंगल चाळींत शिरली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चात भागवत जाधव नावाचा तरुण मारला गेला. दंगल नायगावला पोचली, आणि पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली.

आमच्या पटांगणाला भर घालायला आणलेले विटांचे तुकडेच त्या दिवसांत फेकायला कामी आले. सासूबाई हे सांगताना दरवेळी थांबत. समोरच्या चाळीत एक मावशी होत्या. १९७२ ला थाळी वाजवताना त्या सासूबाईंच्या शेजारी उभ्या होत्या. दंगलीत त्यांच्या थोरल्या मुलाचे डोके फुटले. दगड आमच्या गच्चीवरून आला होता. कोणी मारला ते सासूबाईंना ठाऊक होते. पोलीस विचारावयास आले तेव्हा त्या बोलल्या नाहीत. "मी गप्प बसले," एवढेच त्या म्हणत. दुसऱ्या चैत्रात पटांगणात एकही बाज पडली नाही. केर पुन्हा खिडकीतून पडू लागला.

मावशी आणि सासूबाई आठ वर्षे एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि दोन्ही चाळींतला पगार एका दिवशी थांबला. पहिले दोन महिने लोकांनी रेटले. मग भांडी गेली, मंगळसूत्रातले मणी गेले, मुले गावी गेली. मामंजी आमच्या गावी शेतात राबायला गेले आणि सासूबाई मुलांना घेऊन येथे राहिल्या. त्या लसूण सोलायचे काम आणीत. एक गोणी सोलायला खोलीत उजेड पुरत नसे, म्हणून पटांगणात बसत. एके दिवशी मावशी आपले सूप घेऊन समोर येऊन बसल्या. बोलल्या काही नाहीत. गोणीतला लसूण सुपात ओढून घेतला आणि सोलू लागल्या. संध्याकाळी सासूबाईंनी पैसे अर्धे करून त्यांच्यापुढे ठेवले. माझे सासर-माहेर दोन्ही बोलक्या माणसांचे, मला राहवेना म्हणून मी सासूबाईंना विचारले, "मग तुम्ही त्यांना दगडाचे सांगितलेत का?" त्या म्हणाल्या, "तिला ठाऊक होते. तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. ते माझ्याकडून राहिलेच."

लसूण सोलणाऱ्या पाच-सहा जणींच्या पंधरा झाल्या. त्याआधी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते, त्याची माहिती कोणीतरी आणली. आपणही पापडाचे काम एकत्र घ्यावे असे ठरले, आणि १९८६ साली आपले मंडळ रीतसर स्थापन झाले. पहिल्या वर्षी संक्रांतीला हळदीकुंकू ठेवले. समोरच्या चाळीतल्या बायका आल्या नाहीत, आणि संपानंतरच्या हलाखीत ज्यांचे नवरे गेले होते त्याही आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी पुष्कळ वादावादी होऊन हळदीकुंकू घरच्या घरी करायचे आणि पटांगणात सगळ्यांचा तिळगूळ करायचा असे ठरले. दोघींनी त्यावरून मंडळ सोडले. एक परत आली. तिळगूळ आजतागायत चालू आहे.

माझ्या काळातली लढाई मोटरसायकलींची. २००५ नंतर घरोघरी गाडी आली आणि पटांगण आक्रसू लागले. आधी तुळशीमागे दोन, मग तालमीच्या जागी दहा, मग एक टेंपो. वाळवणाला जागा उरली नाही, पोरींना लंगडी खेळायला उरली नाही. आम्ही एका कचेरीत अर्ज दिला, तो तीन वर्षे तेथेच पडून होता. शेवटी २००८ च्या चैत्रात आम्ही ठरवले की, भांडायचे नाही. पहाटे चारला उठून सगळ्या मोकळ्या जागेत रांगोळ्या काढायच्या आणि बाजा टाकायच्या. गाड्या मात्र हलवायला हव्यात, आणि पहिली गाडी कोणाची हलवायची यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या यजमानांची गाडी बरोबर मधोमध असे. मी रात्री किल्ली उशाखालून काढली आणि दोघींनी मिळून ती ढकलत रस्त्याच्या कडेला नेली. सकाळी आमच्या घरी काय झाले ते येथे लिहीत नाही. पण ज्याने आपल्या बायकोपुढे हात टेकले, त्याला पाहून बाकीच्यांनीही मुकाट्याने गाड्या हलवल्या. मग सकाळी सात ते संध्याकाळी सात पटांगण मोकळे, रात्री गाड्या, असा रिवाज पडला. तो कोठे लिहिलेला नव्हता, तरी चाळ सोडेपर्यंत पाळला गेला.

चाळ सोडावी लागणार हे पुष्कळ वर्षे कानावर होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये जांबोरी मैदानावर पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. म्हाडाच्या मार्फत १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, तेही फुकट. मला त्यात वाईट काही दिसत नाही हे स्वच्छ सांगते. संडासापुढे रांगेत उभे राहून ज्यांनी पोटुशीपणाचे दिवस काढले आहेत, त्यांना जुन्या चाळीचे गोडवे गाता येणार नाहीत. जे गातात ते बहुधा तेथे राहिलेले नसतात.

त्या सुमारास आमच्या चाळीत एक सभा झाली. नकाशे लावले होते. लोकांनी फरशी कोणती, लिफ्ट किती, गाडी कोठे लावायची, असे पुष्कळ प्रश्न विचारले. सासूबाई तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या, खुर्चीवर मागे बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. सांगणाऱ्याला वाटले, आजींना लिफ्टची भीती वाटते. त्यांनी विचारले, "माणूस गेले तर मयत कोठे ठेवायचे?"

सभेत कोणी बोलेना. चाळीत मयत झाले की, पटांगणात खाली आणून ठेवायचे. चारी बाजूंच्या खिडक्यांतून लोक पाहत, येणारा-जाणारा थांबे, तिरडी तेथेच बांधली जाई, बायका कडेने बसत. नकाशात ती जागा कोठे आहे, असे सासूबाईंना पाहिजे होते. सांगणारा मनुष्य सभ्य होता. त्याने वहीत टिपून घेतले.

दोन वर्षांनी सासूबाईच गेल्या. त्यांना पटांगणातच ठेवले, तुळशीच्या अलीकडे. समोरच्या चाळीतून मावशींना दोघांनी धरून आणले. त्या नव्वदीच्या घरात होत्या. त्यांनी सासूबाईंच्या पायांना हात लावला, मग बसकण मारून सासूबाईंच्या उशाशी बसल्या आणि तिरडी उचलेपर्यंत उठल्या नाहीत. २०२१ साली आम्ही खोली रिकामी करून संक्रमण शिबिरात गेलो. नंतर चाळ पाडली, तुळस आमच्यातल्या एकीने कुंडीत घालून नेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यांत आमचे एक. घर चांगले आहे. उजेड आहे, स्वयंपाकघराला खिडकी आहे, दार लावले की आवाज येत नाही. पहिल्या महिन्यात मला शेजारी कोण राहते ते कळले नाही. नंतर दिवाळीच्या सुमारास आमच्या इमारतीतले एक गृहस्थ गेले. त्यांना खाली आणले, आणि सगळे जण लिफ्टपुढे उभे राहिले, कोठे ठेवावे ते कोणालाच सुचेना. शेवटी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत ठेवले. त्यांच्या बायकोला बसायला जागा नव्हती. ती गाडीच्या चाकाला टेकून बसली होती.

त्या रात्री मला सासूबाईंचा प्रश्न आठवला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी खाली उतरलो. दोन इमारतींच्या मध्ये जी फरसबंद जागा आहे ती मोजायची होती. टेप कोणाकडे नव्हती, म्हणून मी सासूबाईंचे नऊवारी आणले. लांबी दोन लुगडी भरली आणि वर हातभर, रुंदी एक लुगडे. पहारेकऱ्याने विचारले, "बाई, काय चालले आहे?" आम्ही सांगितले, "मोजणी." त्याने आमची नावे वहीत लिहून घेतली. बिचाऱ्याचे ते कामच आहे.

ती जागा गाड्यांसाठी नसावी, मयतासाठी, तिळगुळासाठी आणि वाळवणासाठी मोकळी ठेवावी, असा अर्ज मंडळाने इमारतीच्या समितीकडे दिला आहे. त्यावर ६३ बायकांच्या सह्या आणि चौघींचे अंगठे आहेत. मावशींच्या नातसुनेची सही पहिली आहे. उत्तर अजून आलेले नाही. अर्ज पडून राहिला म्हणजे काय करायचे, ते २००८ सालापासून आम्हाला माहीत आहे. पण या खेपेस यजमानांनी गाडीची किल्ली आपण होऊन खुंटीला लावून ठेवली आहे.

तोवर दर बुधवारी चार वाजता आम्ही तेथे बसतो. तुळशीची कुंडीही तेथेच आणून ठेवली आहे. जुन्या चाळींत आणि शिबिरांत अजून राहणाऱ्या भगिनींनीही यावे. खाली नाव लिहावे लागते, ते लिहावे, आणि येताना आपापली सतरंजी आणावी, कारण फरशी दुपारची फार तापते.